आडरान: धूड घेऊन रानटी ग्रहावर टिकायचं कसं, नवख्यांसाठी नियम पायरीपायरीने

आडरान हा आमचा टेबलावर बसून फासे टाकत खेळायचा रोलप्ले खेळ, त्यात धूड नावाच्या यंत्रात बसलेला एकेक माणूस आपण व्हायचं. आमच्या पहिल्या सेशनला चौघं जण बसलो होतो आणि चौघांनी मिळून काय घेतलं तर चार तोफा, दोन रॉकेटचे रॅक, एक करवत, आणि पाण्याच्या टाक्या अर्ध्याच भरल्या कारण पूर्ण भरल्या तर धूड हळू चालेल असं कोणीतरी ठामपणे सांगितलं. खेळातल्या तिसऱ्या दिवशी दुपारी चौघंही तहानेने मेले. गोळी एकही झाडली नव्हती, सगळा दारूगोळा शाबूत. त्या दिवशी हसून हसून पोट दुखलं पण घरी जाताना डोक्यात आलं की अरे, खेळ तर हाच आहे, मारामारी हा नाहीच. मग नियम परत लिहायला घेतले, दोन वर्षं खेळून खेळून खोडले, आणि आता जे उरलंय ते खाली देतोय.

आधी शब्द समजून घ्या. मेक म्हणजे माणूस आत बसून चालवतो ते पायांवर चालणारं मोठं यंत्र. आमच्या टेबलावर त्याला धूड म्हणतात आणि इथेही तेच म्हणणार. ग्रहाचं नाव आडरान. तिथे एक तळ आहे, तळावर एक बोअर आहे, बाकी नजर जाईल तिकडे रान. धुडं लढाईची नाहीत, खाणीत आणि लाकूडतोडीला वापरायची जुनी यंत्रं आहेत, आणि तुमचं काम म्हणजे त्यात बसून बाहेर जायचं, तळाला लागणारी वस्तू आणायची, आणि परत यायचं. परत यायचं हे विसरतात सगळे.

पायरी १: सामान जमवा

तीन ते पाच खेळाडू आणि एक जीएम (गेम मास्टर). सहा बाजूंचे दोन फासे, ल्युडोच्या डब्यात बहुतेक एकच असतो त्यामुळे दोन डबे फोडावे लागतील. गणिताची चौकटीची वही, पेन्सिल (पेन नको, खोडाखोड फार होते), खोडरबर. टोकन म्हणून आम्ही चिंचोके आणि राजमा वापरतो. चिंचोका म्हणजे पाणी, राजमा म्हणजे ताप. ताप म्हणजे धुडाची उष्णता, नाव आपोआप पडलं, "माझ्या धुडाला ताप चढलाय" असं सगळे म्हणायला लागले मग तेच ठेवलं. टोकन हातात धरता येतील असेच घ्या, मोबाईलच्या नोट्समध्ये आकडे लिहू नका. शेवटचे दोन चिंचोके समोर पडलेले दिसले की माणूस जसा विचार करतो तसा स्क्रीनवरचा २ बघून करत नाही.

जीएम म्हणजे जो ग्रह खेळतो. हवामान, जनावरं, दरडी, सगळं तोच. नव्या जीएमला वाटतं आपण खेळाडूंना हरवायचंय, तसं नाही, आणि जिंकवायचंही नाही. पावसासारखं असावं, पाऊस कोणावर राग म्हणून पडत नाही.

पायरी २: माणूस बनवा

चार गुण आहेत. हात म्हणजे धूड चालवणं. डोळा म्हणजे वाट काढणं, खुणा ओळखणं. डोकं म्हणजे दुरुस्ती. काळीज म्हणजे भीती, थकवा, वेदना यात टिकून राहणं. या चौघांना +२, +१, ० आणि -१ हे चार आकडे वाटून टाका, कुठलाही कुठेही. -१ काळजाला देऊ नका असं मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण देतोच.

मग तीनच प्रश्नांची उत्तरं लिहा: तळावर तुझी वाट कोण बघतंय, तुला काय अजिबात जमत नाही, आणि तुझ्या धुडाचं नाव काय. बास. चार पानांचा पूर्वेतिहास लिहून आणू नका, आडरानावर तो कोणी विचारत नाही आणि तुमचा माणूस दुसऱ्या दिवशी दरीत पडला तर चार पानं वाया. धुडाचं नाव मात्र ठेवाच. नाव ठेवलेलं धूड मागे सोडून पळताना खेळाडू खरोखर अडखळतात.

पायरी ३: धूड निवडा

तीन जाती आहेत. चौकोन म्हणजे नकाशावरचे, प्रहर म्हणजे दिवसाचा आठवा भाग, आणि सांगाडा म्हणजे किती मोडतोड सोसेल त्याचे चौकोन.

टोळ, १० टन. एका प्रहरात ३ चौकोन जातो. ताप ५ पर्यंत सोसतो, टाकीत ६ चिंचोके, माल ४ खण, सांगाडा ३.

रेडा, २५ टन. २ चौकोन, ताप ७, टाकी १०, माल ७ खण, सांगाडा ५.

गवा, ४० टन. १ चौकोन, ताप ९, टाकी १४, माल १० खण, सांगाडा ७.

अंदाज यावा म्हणून, रस्त्यावर दिसणारा नेहमीचा जेसीबी सात-आठ टनांचा असतो. म्हणजे आपला सगळ्यात हलका टोळसुद्धा जेसीबीपेक्षा जड, आणि तो चार चाकांवर नाही, दोन पायांवर उभा.

आता सगळ्या नवख्यांना गवाच हवा असतो. मोठा आहे, मजबूत आहे, टाकी मोठी आहे. इथे गॅलिलिओ आडवा येतो. त्याने १६३८ च्या पुस्तकात मांडलेली गोष्ट आहे ही: वस्तूची उंची दुप्पट केली, आकार तोच ठेवला, तर तळव्याचं क्षेत्रफळ चौपट होतं पण वजन आठपट होतं. म्हणजे जमिनीवरचा दाब दुप्पट. म्हणून मोठं धूड रुततं. आमच्यातल्या एकाचं शेत आहे काळ्या मातीचं, तो म्हणाला यात गॅलिलिओ कशाला हवा, पावसाळ्यात ट्रॅक्टर घालून बघ. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते आणि भिजली की फुगून चिकट होते, तीच जमीन, फक्त पाणी पडलं. त्यावरून नियम असा केला: नकाशावर काही चौकोन मऊ असतात. टोळ मऊ चौकोनातून तसाच जातो, रेड्याला हात रोल (फासे टाकून त्यात हाताचा आकडा धरणं, पुढच्या पायरीत आहे) करावा लागतो, गव्याने वळसाच घ्यायचा. आणि पाऊस पडला की जीएम आणखी चौकोन मऊ करतो, त्यामुळे गेलेल्या वाटेने परत येता येईल याची गॅरंटी नाही.

शस्त्र हवं असेल तर मालाच्या खणात बसवा, एक शस्त्र दोन खण. मग तेवढा माल कमी येणार. मुद्दाम ठेवलंय असं.

पायरी ४: फासे कधी टाकायचे

जिथे काही बिघडू शकतं आणि बिघडलं तर फरक पडतो तिथेच. सपाट माळावरून चालताना रोल नको. दोन फासे टाका, बेरजेत त्या कामाच्या गुणाचा आकडा धरा. १० किंवा जास्त आलं तर जमलं. ७ ते ९ आलं तर जमलं पण किंमत मोजावी लागेल, जीएम दोन किमती सांगेल त्यातली तुम्ही निवडायची. ६ किंवा कमी आलं तर ग्रहाची पाळी.

ही तीन पायऱ्यांची पद्धत माझी नाही, २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या गेमपासून ती रूढ झाली आणि नंतर ढीगभर गेम्सनी उचलली, मी पण उचलली. ती का चालते हे एकदा मोजून बघा. दोन फाशांच्या ३६ जोड्या. गुण ० असेल तर १० किंवा जास्तच्या फक्त ६ जोड्या, मधल्या ७ ते ९ मध्ये १५, खाली १५. गुण +१ झाला की १०, १६, १०. +२ ला १५, १५, ६. आणि -१ असेल तर वर ३, मध्ये १२, खाली २१. म्हणजे एका आकड्याने किती उलटापालट होते बघा. "फक्त +१ च तर आहे" म्हणणाऱ्याला हे दाखवा. आणि मधला टप्पा कायम जाडजूड राहतो त्यामुळे गोष्ट अडकत नाही, जमतं पण काहीतरी जातं, जमतं पण काहीतरी जातं, असं करत करत रात्रीपर्यंत सगळे फाटके झालेले असतात.

किंमत खरी असू द्या. एक चिंचोका, एक राजमा, सांगाड्याचा एक चौकोन, एक प्रहर वाया, किंवा आवाज झाला आणि कोणीतरी ऐकला. "तुला थोडं वाईट वाटतं" ही किंमत नाही.

पायरी ५: दिवस मोडा

आपल्याकडे अष्टौप्रहर म्हणतात ना, तसाच आडरानाचा दिवस आठ प्रहरांचा. चार उजेडाचे, चार अंधाराचे. उजेडातला दुसरा आणि तिसरा म्हणजे दुपार. प्रत्येक प्रहरात प्रत्येक खेळाडू एकच काम करतो: चालणं, शोधणं, दुरुस्ती, पहारा किंवा आराम. आठ प्रहरांत किमान तीन आरामाचे हवेत नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळ्या रोलला -१. सलग असायला पाहिजेत असं नाही.

रात्री चालता येतं. प्रत्येक प्रहराला पुढच्या धुडाने डोळा रोल करायचा, चुकला तर वाट चुकते किंवा पाय कशात तरी जातो.

पायरी ६: पाणी आणि ताप

हे नीट वाचा, बाकी चुकलं तरी चालेल.

यंत्र गरम होणं हा मेक गेम्समधला जुना नियम आहे, बॅटलटेक १९८४ पासून चालत आलाय, तिथेही जास्त तोफा एकदम डागल्या की मेक तापून बंद पडतो. मी त्यात एकच भर घातली, ती अशी की धुडाला थंड करायचं पाणी आणि तुम्ही प्यायचं पाणी एकाच टाकीत आहे. संपला विषय. अख्खा खेळ या एका वाक्यावर उभा आहे.

ताप असा चढतो. उजेडात चालण्याच्या प्रत्येक प्रहराला एक राजमा. दुपारचा प्रहर असेल तर वर आणखी एक. अंधारात चाललात तर काही नाही, गार हवा सगळं ओढून नेते. जड उचललं, पळालात, झटापट केली की एक. शस्त्र झाडलं की दोन.

ताप असा उतरतो. सावलीत थांबून एक प्रहर आराम केला तर दोन राजमे कमी. रात्रभरात किमान दोन प्रहर थांबलात तर सकाळी सगळा ताप शून्य. आणि घाई असेल तर टाकीतला एक चिंचोका रेडिएटरवर ओता, तीन राजमे गेले.

एका चिंचोक्याला तीन का, तर पाणी नुसतं गरम होऊन जेवढी उष्णता घेतं त्यापेक्षा वाफ होताना कितीतरी जास्त घेतं. एक लिटर पाणी नळाच्या गारव्यापासून उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते त्याच्या साधारण सातपट ते पूर्ण वाफ करायला लागते. माठातलं पाणी याच हिशोबाने गार होतं. पण त्याला कोरडी हवा लागते. नागपूरला कूलर लावला की स्वर्ग, तोच कूलर मुंबईत मे महिन्यात लावला तर नुसता चिकचिकाट. म्हणून दमट जंगलाच्या चौकोनात एका चिंचोक्याने एकच राजमा उतरतो. नवे खेळाडू जंगल दिसलं की सावली आली म्हणून खूश होतात, धुडाला मात्र तिथे कोंडल्यासारखं होतं.

माणसाचं पाणी: सावलीच्या मुलखात दिवसाला एक चिंचोका, उघड्या माळावर दोन. एक दिवस पुरं नाही मिळालं तर सगळ्या रोलला -१, दुसऱ्या दिवशी -२ आणि काळीज रोल, तिसऱ्या दिवशी मेलात. खऱ्या आयुष्यातही पाण्याविना साधारण तीन दिवस असंच धरतात, उन्हात त्याहूनही कमी.

ताप मर्यादेच्या वर गेला तर लगेच दोन फासे, गुण काही नाही, वर जेवढे राजमे गेलेत तेवढे वजा. १० किंवा जास्त आलं तर नुसता भोंगा वाजतो. ७ ते ९ आलं तर धूड एक प्रहर बंद. ६ किंवा खाली आलं तर बंद तर पडतंच, वर सांगाड्याचा एक चौकोनही जातो. घाटात ट्रक बाजूला घेऊन बॉनेट उघडून बसलेले ड्रायव्हर आठवा, तसे बसायचं, फक्त इथे झाडीतून कोणीतरी बघत असतं.

आता एक हिशोब करून दाखवतो कारण नियम वाचून कोणाला काही कळत नाही.

तीन जण आहेत, एक टोळ आणि दोन रेडे. माळावर ८ चौकोन लांब एक पडलेलं यान आहे, त्यातला पंप तळाला हवाय. रेड्याच्या चालीने ४ प्रहर, म्हणजे एक दिवस जायला, एक दिवस पंप काढायला, एक दिवस यायला. तीन दिवस, तीन माणसं, रोज दोन, १८ चिंचोके. टाक्यांत ६ अधिक १० अधिक १०, म्हणजे २६. शिल्लक ८, मस्त वाटतंय.

पण दिवसाउजेडी चार प्रहर चाललात तर ताप ६ होतो, चालण्याचे चार आणि दुपारचे दोन. रेडा ७ सोसतो, टोळ ५. म्हणजे टोळ संध्याकाळच्या प्रहराला उकळतो. ठीक, दुपारी थांबू म्हणाल. दुपारचे दोन प्रहर थांबलात तर दिवसाला चारच चौकोन होतात, जायला दोन दिवस, यायला दोन, कामाचा एक, एकूण पाच दिवस, ३० चिंचोके लागणार आणि आहेत २६. आराम केलात म्हणून मेलात.

मग कोणीतरी म्हणतं एका रेड्याऐवजी गवा नेऊ, टाकी मोठी आहे. टाक्या झाल्या ६, १०, १४, म्हणजे ३०. पण गवा प्रहराला एक चौकोन, म्हणजे परत पाच दिवस, परत ३०. बरोब्बर शून्य शिल्लक, रेडिएटरवर ओतायला एक थेंब नाही. हा हिशोब मी मुद्दाम जुळवलेला नव्हता, एका खेळाडूनेच कागदावर करून दाखवला आणि टेबलावर एकदम शांतता.

बहुतेक गट शेवटी सकाळी एक प्रहर, संध्याकाळी एक आणि रात्री दोन असं चालतात, दुपारी झोपतात. वाट चुकण्याचा धोका घेतात पण पाणी वाचतं. खऱ्या वाळवंटातले लोकही उन्हाळ्यात रात्रीच चालत आलेत. दुसरी युक्ती म्हणजे कॅन. मालाच्या एका खणात दोन चिंचोक्यांचा कॅन बसतो, जाताना भरून न्या, रिकामा झाला की टाकून द्या, त्या खणात माल आणा. आणि तिसरी युक्ती, साठा.

साठा म्हणजे वाटेत आधीच पाणी ठेवून यायचं. याचा नियम दक्षिण ध्रुवावरून घेतलाय. नॉर्वेचा अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला ध्रुवावर पोचला आणि धडधाकट परत आला, त्याने आपल्या साठ्यांच्या दोन्ही बाजूंना, वाटेला आडव्या, लांबपर्यंत झेंड्यांच्या रांगा लावल्या होत्या, म्हणजे धुक्यात वाट थोडी चुकली तरी झेंडा आडवा येणारच. त्याच शर्यतीतल्या इंग्रज स्कॉटची तुकडी महिनाभराने पोचली आणि परतताना मार्च १९१२ मध्ये त्यांनी शेवटचा तंबू ठोकला, ज्यात ते मेले, तो मोठ्या साठ्यापासून जेमतेम वीसेक किलोमीटरवर. तर नियम असा: साठा ठेवताना एक जादा प्रहर घालवून खुणा लावल्या तर परत येताना तो आपोआप सापडतो. नाही लावल्या तर डोळा रोल, आणि वादळ असेल तर -२. खेळाडू तो प्रहर वाचवतात. दर वेळी वाचवतात. आणि परत येताना तोंड बघण्यासारखं असतं.

पायरी ७: मोडतोड

सांगाड्याचा चौकोन गेला की नुसती फुली मारू नका, काय मोडलं ते खेळाडूने स्वतः लिहायचं. "डाव्या गुडघ्याचं सील गेलं, तेल गळतंय." मग जिथे जिथे तो गुडघा लागेल तिथे -१. सगळे चौकोन गेले की धूड संपलं, माणूस बाहेर, पायी.

दुरुस्तीला एक प्रहर, एक सुटा भाग आणि डोकं रोल. सुटा भाग नसेल तर जुगाड करता येतो, तार, पट्टी, रबर, काय असेल ते. जुगाड रोल न करता लागतोच, पण पुढे कधीही तुमच्या दोन्ही फाशांवर सारखा आकडा पडला की तो सुटतो, म्हणजे सहातून एकदा. रोल यशस्वी असला तरी सुटतो. १२ आले म्हणून ओरडायचं आणि त्याच क्षणी गुडघा खाली, हे बघायला मजा येते, दुसऱ्याचं असेल तर.

पायरी ८: जनावरं

जीएमने प्रत्येक जनावराबद्दल तीनच गोष्टी लिहायच्या: त्याचा इलाखा कुठला, त्याला काय हवंय, आणि ते कशाला घाबरतं. जीव किती आणि मार किती हे आकडे मी काढूनच टाकले. हल्ल्याआधी दोन इशारे द्यायचेच, ठसे, वास, मोडलेली झाडं, अचानक पाखरं गप्प होणं, काहीही. हत्तीसुद्धा पुष्कळदा आधी कान पसरून खोटी धाव घेतो, मागे सरकायची संधी देतो. दोन इशारे देऊनही पुढे गेलात तर मग जीएमने हात आखडता घेऊ नये.

झाडू शकता गोळी. पण दोन राजमे चढतात आणि आवाज तीन चौकोनांपर्यंत जातो, जे काही तिथे आहे त्याला कळतं. आमच्याकडे सगळ्यात जास्त कामाला आलेलं हत्यार म्हणजे भोंगा आणि सर्चलाइट.

मोठाले किडे टाकायचे असतील तर हवेचं कारण द्या. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर मेगान्यूरा नावाचा चतुरासारखा कीटक होता, पंखांचा पसारा ६५ सेंटीमीटरच्या आसपास, आणि त्या काळी हवेत ऑक्सिजन आत्तापेक्षा बराच जास्त होता हे त्यामागचं एक कारण मानतात. आत्ता तो सुमारे २१ टक्के आहे. आडरानावर आम्ही ३० धरलाय. याचा दुसरा परिणाम असा की आग लागली तर विझत नाही, ओलं लाकूडही धडधडून पेटतं. एवढा एक आकडा बदलला की करवतीची ठिणगीसुद्धा खेळाडूंना भीती घालते. गुरुत्वाकर्षणाचं पण तसंच, पण नवख्या जीएमने दोन्ही एकदम बदलू नये, लक्षात राहत नाही.

पायरी ९: टेबलावर बोलायचं कसं

आपल्या माणसाबद्दल "मी" म्हणून बोला. "मी धूड थांबवतो, झाकण उघडून बाहेर बघतो." सुरुवातीला लाज वाटते, अर्ध्या तासात जाते. आवाज बदलून बोलायची सक्ती नाही.

दुसऱ्याच्या माणसाने काय केलं हे तुम्ही सांगायचं नाही. "मी त्याला ढकलतो आणि तो दरीत पडतो" यातलं फक्त ढकलणं तुमचं आहे, पुढचं तो आणि फासे ठरवतील.

खेळाडूला माहीत आहे म्हणजे माणसाला माहीत आहे असं नाही. यासाठी रेडिओचा नियम: दोन धुडांमध्ये तीनपेक्षा जास्त चौकोन अंतर असेल किंवा मध्ये डोंगर असेल तर रेडिओ नाही, आणि मग त्या दोन खेळाडूंनी टेबलावरही एकमेकांशी बोलायचं नाही. टोळवाला पुढे पळून गेला की एकदम गप्प बसावं लागतं त्याला, आणि बाकीच्यांना "अरे तिकडे जाऊ नकोस" सांगता येत नाही. साधा नियम आहे पण सगळ्यात जास्त भीती यानेच वाटते.

टेबलाच्या मध्ये एक कागद ठेवा, त्यावर फुली. कोणालाही कुठलाही प्रसंग नकोसा वाटला तर त्याने त्यावर बोट ठेवायचं, तो भाग सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. एक्स कार्ड म्हणतात याला, बरेच रोलप्लेवाले वापरतात. तहान, गुदमरणं, अडकून पडणं असले प्रसंग आहेत आपल्या खेळात, कोणाला काय लागेल सांगता येत नाही.

व्हॉट्सॲपवर खेळत असाल तर दिवसाला एक प्रहर धरा. रात्री दहापर्यंत ज्याचा मेसेज नाही त्याचं धूड पहाऱ्यावर. भांडण नको.

पायरी १०: पहिला सेशन

वहीच्या पानावर १२ बाय १२ चौकोन आखा, मधोमध तळ. एका बाजूला माळ, एका बाजूला दमट जंगल, मध्ये मऊ जमिनीचा एक पट्टा. पडलेलं यान पाच चौकोनांवर ठेवा, आठवर नको, आठ दुसऱ्या सेशनला. रेडे आणि टोळच द्या, गवा लपवून ठेवा. सुरुवात तळावरून करू नका, खरेदीतच दोन तास जातात, थेट यानापाशी सुरू करा: पंप काढून झालाय, तिसरा प्रहर चालू आहे, एका रेड्याचा ताप ६ वर आहे, टोळाच्या टाकीत दोनच चिंचोके उरलेत, आणि पश्चिमेला ढग आलेत. मग जीएमने फासे खेळाडूंच्या पुढ्यात ठेवायचे आणि एवढंच विचारायचं की आत्ता निघताय का रात्री.